1287 किलोहर्ट्झ : साथीच्या दिवसांतल्या आकाशवाणी पणजीचे परीक्षण

मार्च 2020 पासून 2021 च्या अखेरपर्यंत आमच्या दोन घरांत आकाशवाणीचे पणजी केंद्र रोज ऐकले जात होते. एक घर डिचोलीचे, जिथे रेडिओ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असे; दुसरे सत्तरी तालुक्यात वाळपईच्या पुढे असलेल्या गावातले, जिथे तो आईच्या उशाशी असे. त्या काळात या केंद्राने गोव्याच्या रोजच्या जगण्याची जी दखल घेतली, तिच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. दुकानाविषयी, हॉटेलविषयी, मिक्सरविषयी माणसे आवर्जून अभिप्राय लिहितात. पण जी सेवा दोन वर्षे घरात राहिली आणि जिच्यासाठी बॅटरीच्या सेलांपलीकडे एक पैसाही द्यावा लागला नाही, तिच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

पहिले दिवस आठवले की आजही छातीत धडधडते. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला, गोव्यात तो पुढे वाढवण्यात आला, 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि त्याच दिवशी गोव्यातले पहिले तीन रुग्ण जाहीर झाले. किराण्याची दुकानेसुद्धा बंद होती. आमच्याकडे पेपर यायचा थांबला. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवीत येतो, तो आवाजही काही दिवस बंद पडला. गोव्याची भाजी बेळगावहून येते, त्यामुळे चोर्ला घाटातून गाड्या सुटल्या की नाही, दूध येणार की नाही, गॅसचा सिलिंडर घरपोच मिळणार की स्वतः आणावा लागणार, हे प्रश्न त्या आठवड्यात देशभरच्या आकड्यांपेक्षा मोठे होते. व्हॉट्सॲपवर उत्तरे भरपूर होती. घरपोच सामान देणाऱ्या दुकानांची एक यादी माझ्याकडे तीन वेगवेगळ्या गटांतून आली, तिच्यातल्या एका दुकानाला मी दिवसभर फोन लावत राहिले आणि संध्याकाळी कळले की ते दुकान दोन वर्षांपूर्वीच बंद पडलेले होते. त्या संध्याकाळी मी ठरवले की जे रेडिओवर ऐकेन तेवढेच खरे धरायचे.

गोव्यात रेडिओ म्हटला की खाजगी एफएम वाहिन्याही आल्या आणि त्यांची गाणी आम्हीही ऐकतो. परंतु भारतात खाजगी एफएम वाहिनीला स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुढे द्यावे, एवढीच मुभा आहे. म्हणजे गोव्याच्या बारा तालुक्यांत काय चालले आहे, हे बातमी म्हणून ऐकवणारा रेडिओ एकच होता आणि तो सार्वजनिक होता. पोर्तुगीज राजवटीत 1946 मध्ये सुरू झालेले एमिसोरा द गोवा हे केंद्र मुक्तीनंतर आकाशवाणीकडे आले. माझ्या आईच्या पिढीने ते मुक्तीनंतरच्या वर्षांपासून ऐकले. आईचा या केंद्रावर जो विश्वास आहे तो तेव्हापासूनचा आहे आणि साथीच्या काळात तो वाढला, असे मी जबाबदारीने लिहिते.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळते. माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे वाचनाची गती. टेलिव्हिजनच्या खाजगी वाहिन्यांवर पडद्याच्या चारही कडांना आकडे पळत होते, निवेदक ओरडत होते आणि आईला मोतीबिंदूमुळे त्यातले काही वाचता येत नव्हते. रेडिओवरचा बातमीदार मात्र एकेक नाव सुटे करून सांगत असे. आरोग्य संचालनालयाच्या रोजच्या पत्रकात प्रत्येक आरोग्य केंद्राखाली किती सक्रिय रुग्ण आहेत याचा तक्ता असायचा: वाळपई, साखळी, डिचोली, फोंडा, मडगाव, वास्को अशी ओळीने नावे. ज्या दिवशी बातम्यांत ही नावे यायची, त्या दिवशी आई पूर्ण समाधानी असे. नुसता राज्याचा एकूण आकडा आला की तिला तो अर्धवट वाटे. बातम्या संपल्या की तिचा फोन ठरलेला. ‘‘वाळपयचो आंकडो आयकलो?’’ एवढेच ती विचारायची आणि मी ऐकला असे सांगितले तरी स्वतः पुन्हा सांगायची.

भावाची मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानांवर रकाने आखले होते: तारीख, गोवा, वाळपई, आणि शेवटचा रकाना ‘बरे झाले’. आजी सांगेल ते ती लिहायची. ती वही मी नंतर पाहिली. 19 एप्रिल 2020 च्या ओळीत, जेव्हा गोव्यातले सातही रुग्ण बरे झाले होते, तिने शून्य काढून त्याला फुलासारख्या पाकळ्या काढल्या आहेत. जूनपासून रकाने अपुरे पडू लागले. वास्कोच्या मांगोरहिल भागात प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झाले, मग सत्तरीतल्या मोर्ले गावाचे नाव आले आणि 22 जूनला गोव्यातल्या पहिल्या मृत्यूची बातमी आली, तीही मोर्ल्याचीच. आमच्या गावापासून ते काही फार लांब नाही. त्या दिवशी मुलीने आकडा लिहिलेला नाही. आईने तिला वही मिटायला सांगितली होती.

मोर्ल्याची ती बातमी मी डिचोलीत ऐकली. निवेदकाने मृताचे वय सांगितले, तालुका सांगितला, गावाचे नाव सांगितले आणि पुढच्या वाक्यात गावात काय व्यवस्था केली आहे ते सांगितले. आवाजात कुठेही सनसनाटी नव्हती आणि रुक्षपणाही नव्हता. एका गावावर शिक्का बसू नये आणि तरीही लोकांना सावध करावे, हे दोन्ही एका मिनिटात साधणे सोपे नाही. त्याच सुमारास आमच्या परिसरात मोर्ल्याहून आलेल्या माणसाला दुकानाबाहेर उभे केल्याचे मी स्वतः पाहिले आहे, म्हणून मला त्या संयमाची किंमत कळते.

बातम्यांइतकेच महत्त्वाचे वाटले ते डॉक्टरांशी होणारे संवाद. श्रोते फोनवर प्रश्न विचारत आणि डॉक्टर उत्तरे देत, हा आकाशवाणीचा जुना प्रकार. पण या काळात त्याचा जीव वेगळाच झाला. साखरेच्या गोळ्या संपत आल्या तर काय करावे, डायलिसिससाठी जाताना वाटेत अडवले तर काय दाखवावे, घरात लहान बाळ असताना इस्पितळात काम करणाऱ्या आईने घरी आल्यावर आधी काय करावे, अशा प्रश्नांना कोकणीत किंवा मराठीत, घरच्या शब्दांत उत्तर मिळायचे. ‘विलगीकरण’ हा शब्द आईला रेडिओनेच समजावला. तो उच्चारून झाल्यावर डॉक्टर लगेच म्हणत, म्हणजे वेगळी खोली, वेगळे ताट, वेगळी बादली. शासकीय परिपत्रकाचे घरगुती भाषांतर करणे हे काम त्या काळात कोणीतरी करायलाच हवे होते आणि ते इथे झाले. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीचा वापरही मान्य केला. त्यावरून वाद घालणारी माणसे आमच्या ओळखीत दोन्ही बाजूंना आहेत. त्या दिवसांत मात्र एका कार्यक्रमात प्रश्न मराठीत आणि उत्तर कोकणीत आले तर कोणाला त्याचे काही वाटत नव्हते.

संगीताविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण टाळेबंदीत घरात बसलेल्या माणसाला फक्त माहिती पुरत नाही. गोव्याने गायक किती दिले हे सांगायला नको. मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी तर स्वतः मुंबईच्या आकाशवाणीवर काम केलेले. आकाशवाणीकडे स्थानिक गायकांच्या ध्वनिमुद्रणांचा जो साठा असतो, त्याची खरी गरज या काळात भासली. देवळे बंद, जत्रा रद्द, दशावताराचे पडदे गुंडाळलेले. वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह ही तर मुळातच साथीच्या आठवणीशी जोडलेली परंपरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोगाची साथ पसरली, तेव्हा जांबावलीच्या दामोदराला साकडे घालून तो सुरू झाला असे सांगतात. चोवीस तास अखंड भजन चालणारा तो सप्ताह 2020 मध्ये फेरीविना, मोजक्या माणसांत पार पडला. त्या श्रावणात आईने रेडिओवरच्या सकाळच्या भजनांच्या वेळी समई लावायला सुरुवात केली. 22 ऑगस्टला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली तेव्हा भटजी घरोघर जाऊ शकत नव्हते, आमच्या घरी भावाने मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणावर पूजा केली, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीला बाजारातून काही आणता आले नाही म्हणून रानातले जे मिळाले तेच बांधले. दुपारी रेडिओवर फुगड्यांची गाणी लागली आणि वहिनी, आई आणि ती मुलगी अशा तिघींनीच ओसरीवर फुगडी घातली. मी ती फोनवर ऐकली. पाट आणि पावलांच्या आवाजामागे रेडिओ चालू होता.

मे 2021 चा मध्य मात्र सर्वांत कठीण होता आणि रेडिओ म्हणजे काय हे त्या दोन रात्रींत कळले. दुसरी लाट ऐन भरात होती, 9 मेपासून गोव्यात संचारबंदी होती आणि त्यातच तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. 15 मेच्या रात्रीपासून वारा सुटला, 16 तारखेला सकाळी आमच्या रस्त्यावर आंब्याचे झाड विजेच्या तारांसह आडवे पडलेले होते. वीज गेली ती लगेच येण्यातली नव्हती. दुपारपर्यंत मोबाइलची रेंज गेली, संध्याकाळी इन्व्हर्टर संपला. माझे यजमान तेव्हा वरच्या खोलीत विलगीकरणात होते, अंगात ताप होता आणि ऑक्सिमीटरचे सेल उतरत आले होते. घरात पेन्सिल सेलांची एकच जोडी शिल्लक होती. ते सेल रेडिओत घालायचे की ऑक्सिमीटरसाठी राखून ठेवायचे, असा प्रश्न पडला. ऑक्सिमीटरला छोटे सेल लागतात हे लक्षात येईपर्यंत मी मेणबत्तीपुढे दोन्ही यंत्रे उघडून बसले होते. आज हे लिहिताना साधे वाटते, त्या क्षणी हात थरथरत होते.

मग रेडिओ लावला. वादळ उत्तरेकडे सरकते आहे, समुद्रात जाऊ नये, पडलेल्या तारांना हात लावू नये, वीज खात्याची माणसे कामाला लागली आहेत, हे सगळे त्या छोट्याशा पेटीतून येत होते. मी जिना अर्धा चढून दाराबाहेर रेडिओ ठेवला, म्हणजे यजमानांना आत ऐकू जावे. टेलिव्हिजन बंद, इंटरनेट बंद, फोन मुका; गावात दिवा नाही. त्या काळोखात कोणीतरी आपल्या तालुक्यांची नावे घेत आहे, एवढ्यानेही माणूस सावरतो. वाळपईच्या बाजूला रस्ते बंद आहेत हे कळले म्हणून भावाकडे निघण्याचा वेडेपणा मी केला नाही. तिकडे आईनेही हेच ऐकले होते आणि दुसऱ्या दिवशी फोन लागला तेव्हा ती म्हणाली, ‘‘हांवें आयकलें, डिचोलेंत कोण ना मेलो.’’ तिची रात्रभरची काळजी तेवढ्या एका वाक्यात होती.

या सेवेच्या मर्यादाही लिहायला हव्यात, नाहीतर हे परीक्षण होणार नाही. त्याच मे महिन्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्राणवायूच्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. शेजारच्या वाड्यावरचे एक गृहस्थ त्या आठवड्यात गेले. त्या दिवसांत मला जे जाणून घ्यायचे होते ते मी वृत्तपत्रांतून जाणून घेतले. पाच-दहा मिनिटांच्या बातमीपत्रात शासनाचे निवेदन, आकडे आणि आवाहने बसवली की प्रश्न विचारायला जागा उरत नाही, ही देशभरच्या सरकारी बातमीपत्राच्या घडणीतलीच अडचण आहे. अमेरिकेत सिएटलच्या केयूओडब्ल्यू या सार्वजनिक रेडिओने मार्च 2020 मध्ये असे ठरवले होते की व्हाइट हाउसची पत्रकार परिषद थेट द्यायची नाही, कारण त्यातली विधाने त्याच क्षणी पडताळता येत नाहीत. आधी तपासायचे, मग बातमी द्यायची. सिएटल हे तिथल्या साथीच्या अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी एक. आपल्याकडे ते जसेच्या तसे व्हावे असे मी म्हणत नाही, कारण दोन्हींची मालकी आणि रचना वेगळी आहे. पण सांगितलेले आणि पडताळलेले यांत फरक करणारे एखादे वाक्य बातमीत असते, तर ज्यांच्या घरातले माणूस इस्पितळात होते त्यांना त्याचा आधार वाटला असता.

दुसरी उणीव मला अधिक सलते. रेडिओने आम्हांला पुष्कळ सांगितले, पण आमच्याकडून त्या मानाने कमी ऐकून घेतले. परदेशी क्रूझ जहाजांवर अडकलेल्या तारवटींच्या, म्हणजे खलाशांच्या, घरांत त्या एप्रिलमध्ये काय चालले होते? घाटापलीकडे चालत निघालेल्या कामगारांचे काय? सांगे तालुक्यातली मुले मोबाइलच्या रेंजसाठी डोंगर चढत होती, त्यांतल्या एकीचा आवाज? काजूचा हंगाम ऐन भरात असताना बोंडू झाडाखाली कुजत होते, त्या बागायतदाराला कसे वाटत होते? यांविषयीच्या बातम्या झाल्या असतीलही, पण त्या माणसांचे स्वतःचे बोलणे माझ्या कानांवर फार कमी आले. इंग्लंडमध्ये बीबीसीच्या स्थानिक केंद्रांनी मार्च 2020 मध्ये ‘मेक अ डिफरन्स’ नावाचा उपक्रम सुरू केला होता, त्यात मदत हवी असलेला माणूस आणि मदत देऊ शकणारा माणूस या दोघांनाही फोन करायला सांगत आणि निवेदक त्यांची गाठ घालून देत. आमच्या गावात हे काम पंचायतीच्या पोरांनी केले, दुचाकीवरून औषधे पोचवली. त्यांचे बोलणे रेडिओवर यायला हवे होते. माझी आई दोन वर्षे ऐकत राहिली. तिला कोणी एकदा विचारले असते तर ती अर्धा तास बोलली असती आणि ते ऐकण्यासारखे असते.

म्हणून एक विनंती आहे. त्या दोन वर्षांतली जी बातमीपत्रे, जे डॉक्टरांचे संवाद आणि जी श्रोत्यांची बोलणी ध्वनिमुद्रित स्वरूपात उरली असतील, ती पुसली जाऊ नयेत. संगीताची ध्वनिमुद्रणे आकाशवाणी जपते, तशी हीही जपली जावीत. आणि अजूनही उशीर झालेला नाही: त्या काळातल्या परिचारिका, आशा सेविका, पोदेर, रुग्णवाहिकेचे चालक, पंचायतीचे कर्मचारी यांना आज माइकपुढे बसवावे. त्यांना अजून सगळे आठवते.

आता ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. पणजी केंद्र मीडियम वेव्हवर 1287 किलोहर्ट्झला आणि एफएम रेनबो 105.4 मेगाहर्ट्झला लागते. पणजी, म्हापसा, डिचोली या पट्ट्यात एफएम उत्तम आहे. मात्र एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि डोंगर आडवा आला की तुटतात, त्यामुळे सत्तरीत आतल्या गावांत खरखर वाढते. तिथे मीडियम वेव्हच भरवशाची, कारण तिच्या लहरी दिवसा जमिनीला धरून डोंगरामागेही पोचतात. रात्री मात्र दूरची केंद्रे मध्ये घुसतात आणि आवाज लांब गेल्यासारखा होतो, तो सेटचा दोष समजू नये. सेटच्या आत फेराइटची कांडी असते आणि ती आडव्या दिशेने लहरी पकडते, म्हणून आवाज मंद झाला तर एरियल ओढण्यापेक्षा सेटच पाव फेरा वळवून पाहावा. आईचा रेडिओ या एका युक्तीने सुधारला. ती आता तो भिंतीशी तिरका ठेवते आणि कोणी सरळ केला तर रागावते. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर जवळ असले तर मीडियम वेव्हवर गुणगुण येते, ते हातभर लांब ठेवावेत.

न्यूजऑनएअर ॲपवर ही केंद्रे स्वच्छ ऐकू येतात, परदेशी असलेल्या नातेवाइकांना मी तेच सुचवते. पण ज्या रात्री रेंजच नसते त्या रात्री ॲप उपयोगाचे नाही. मोबाइलमधला एफएमही आता पुष्कळ नव्या फोनांत नसतो. तो काढू नये, असे केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये उत्पादकांना कळवले होते, तरी फोन घेताना विचारून घ्यावे आणि तारेचा इयरफोन जपून ठेवावा, कारण तोच एरियलचे काम करतो. घरात एक सेलांवर चालणारा सेट असावाच. तो घेताना मीडियम वेव्हचा पट्टा आहे ना, हे दुकानातच लावून पाहावे. स्वस्त सेटांपैकी बरेच फक्त एफएमचे असतात आणि ते वाळपईच्या पुढे चालत नाहीत.